चिंगळीचा पाय

आमच्या झाडगावच्या घराला दोन दारं. पुढच्या दाराने ह्यांचे पक्षकार आणि पाहुणे येतात, मागच्या दाराने दूध, भाजी आणि मासळी. दिवाळी नुकतीच सरली होती. डब्यांच्या तळाशी चुरा झालेल्या चकल्या उरल्या होत्या, बंबात पाणी तापत होतं, हे तोंडाला साबण फासून आरशापुढे बसले होते आणि सासूबाई तुळशीला पाणी घालत होत्या. पुढच्या दाराची कडी वाजली. इतक्या सकाळी कोणाला अटकेतून सोडवायचं आहे बाई, असं म्हणत मी दार उघडलं, तर समोर गुणवंती.

गुणवंती आमची मासळीवाली, मिऱ्याच्या खारवीवाड्यातली. आम्ही सारस्वत, मासळीशिवाय आमचा घास उतरत नाही, त्यामुळे ती एक दिवसाआड मागच्या दारी यायचीच. पण पुढचं दार तिने कधी पाहिलं नव्हतं. ती उंच, सडसडीत, चालताना डोक्यावरची टोपली जराही हलायची नाही. आवाज असा की वाडीच्या टोकाला हाक मारली तरी आमच्या चुलीपाशी ऐकू यावी. तिच्यात एक मोठा दोष होता, निदान तिच्या सासूच्या मते. ती मासळीबद्दल खोटं बोलायची नाही.

"आजचे का गो बांगडे?" असं आमच्या सासूबाईंनी विचारलं की ती म्हणायची, "नाय, कालचे हत."

"मग घेऊ का नको?"

"तळनार असाल तर घ्या. सार करनार असाल तर उद्या येते."

बाकीच्या बायका कालच्या बांगड्याला आत्ता समुद्रातून उडी मारून आल्यासारखं सांगून टोपली रिकामी करून जायच्या. गुणवंतीची टोपली अर्धी भरलेली परत जायची. पण आमच्या सासूबाई दुसऱ्या कुणाकडून मासळी घ्यायच्या नाहीत.

तर त्या सकाळी टोपली तिच्या डोक्यावर नव्हती, कमरेवर होती. तीवर केळीचं पान झाकलेलं होतं. मी काही विचारणार, इतक्यात पानाखालून आवाज आला, "कुक्".

"मासळी कधीपासून बोलायला लागली?" हे आतूनच म्हणाले.

गुणवंती हसली नाही. तिने पान बाजूला केलं. आत एक तांबूस कोंबडी आडवी पडली होती. चोच अर्धी उघडी, एक पाय पोटाशी आणि दुसरा भलतीकडेच वळलेला.

"वाळत टाकलेल्या जाळ्यात अडाकली, वैनीनू. कुत्रा आला, ती पळाया गेली, पाय जाळ्यातच ऱ्हायला. तुमी कालेजात शिकलाव. हिचा पाय बसवा."

कॉलेजात मी संस्कृत आणि तर्कशास्त्र शिकले होते. कोंबडीचा पाय कुठल्याच परीक्षेला नव्हता.

"अगं, गुरांच्या दवाखान्यात तरी जायचंस," मी म्हटलं.

"गेलेली. तिथला पट्टेवाला बोलला, म्हस आन, बैल आन. कोंबडीबरोबर कांदा आन."

हे फस्सकन हसले, ते साबण नाकात जाईपर्यंत. गुणवंतीचा चेहरा पाहून मला मात्र हसू आलं नाही. मी टोपली हातात घेतली.

तुळशीपाशी तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. मासळी चालत असली तरी आमच्याकडे कोंबडीचं नाव स्वयंपाकघरात काढत नसत. सासूबाईंनी टोपलीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निकाल दिला. "मागच्या पडवीपर्यंत. उंबऱ्याच्या आत हिचं एक पीस जरी आलं, तर मी हेदवीला गणपतीच्या दर्शनाला जाईन ती परत येणारच नाही."

"हेदवी माजं म्हायेर हाय, माईनू," गुणवंती म्हणाली. "ऱ्हायची सोय करते." तेवढ्या दुःखातही तिच्या तोंडून ते निघून गेलं. सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या, त्या रागाने की हसू लपवायला, ते कळलं नाही.

कोंबडीचं नाव चिंगळी. चिंगळं म्हणजे आमच्याकडची बारीक कोळंबी. अंड्यातून निघाली तेव्हा ही तशीच वाकडी होऊन पडली होती म्हणे. तिच्या आईला घारीने नेलं आणि ती गुणवंतीच्या ओच्यात वाढली. गुणवंतीचा नवरा भिवा फत्तेमारीवर खलाशी. पावसाळ्याचे महिने सोडले तर तो मलबार नाहीतर कराची. घरात सासू सोनूबाई, आणि तिच्याशी बोलायचं म्हणजे ऐकायचं.

"घरात माजं सगळं ऐकून घेनारी ही येकटीच," पाय धरून बसलेली गुणवंती मला सांगत होती. "उलट बोलते, पन काय बोलते ते कळत नाय, म्हनून भांडान व्हत नाय."

मी खराट्यातून माडाचे चार हीर उपसले, बोटभर लांबीचे तोडले. ह्यांचं एक जुनं धोतर फाडून पट्ट्या केल्या. जखमेवर खोबरेल तेलात कालवलेली हळद लावली. गुणवंतीने चिंगळीचं डोकं पदराखाली झाकलं आणि मी डोळे अर्धे मिटून तो पाय ओढून सरळ केला. चिंगळी एकदाच ओरडली. गुणवंती दोनदा. मग दुसऱ्या पायाशी ताडून पाहत मी हीर लावले आणि पट्टी गुंडाळली.

आता ती त्या पायावर उभी राहिली तर सगळं फुकट. म्हणून मी एका पंच्याला दोन भोकं पाडली, त्यातून तिचे पाय खाली सोडले आणि पंच्याची झोळी करून पडवीच्या वाशाला टांगली. पाय जमिनीला टेकेनात. चिंगळी झोळीत बसून एखाद्या संस्थानिकाने मेण्यातून बघावं तशी इकडेतिकडे बघू लागली.

दुपारी शेजारच्या यमुनाबाई विरजण मागायला आल्या. वाशाला टांगलेली झोळी लांबून पाहून त्यांनी माझा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "बाई गं, आम्हाला कळवलंसुद्धा नाहीस?"

"कुक्," चिंगळी म्हणाली. यमुनाबाई विरजण न घेताच गेल्या.

गुणवंती आता एक दिवसाआड नाही, रोज यायला लागली. येताना शिंपल्यांचा चुरा आणायची, मी कण्या भिजवून ठेवायची. सासूबाईंनी पहिले काही दिवस पडवीत पाऊल टाकलं नाही. मग एकदा मी पाहिलं, त्या पडवीत भाजी चिरायला बसल्या होत्या आणि पायाच्या अंगठ्याने झोळीला हळूच झोका देत होत्या. माझी चाहूल लागली तशा म्हणाल्या, "माशा बसत होत्या तिच्यावर."

त्याच आठवड्यात चिंगळीने झोळीतूनच अंडं घातलं. ते नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर पडून फुटलं. मला वाटलं, आता हेदवी. पण सासूबाई म्हणाल्या, "अंडं घालते म्हणजे अंगात ताकद आली गं तिच्या," आणि स्वतः शेणाचा गोळा आणायला गेल्या.

इतकं सगळं सुरळीत चाललं होतं. मी येणाऱ्याजाणाऱ्याला पाय दाखवत होते आणि थोडी फुशारकीही मारत होते. तेवढ्यात एक दिवस मागच्या दारी सोनूबाई आली.

ठेंगणी, काळी, कपाळ कोरं. हातात काठी, पण ती टेकायला नव्हे, बोलताना हलवायला. तिने झोळीभोवती एक फेरी मारली, पट्टी बोटाने दाबून पाहिली.

"डाक्टरीनबाय, बरा व्हईल ना पाय? पुरता?"

"पुरता होईल. हाड धरायला लागलंय."

"बरं झालं. देवदिवाळीपर्यंत व्हायाच हवा. देवाची हाय ती."

मला कळेना. तेव्हा तिने पडवीच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. दसऱ्यानंतर वादळ झालं तेव्हा भिवाची फत्तेमारी मलबारहून परत येत होती. बरोबरच्या होड्या बंदराला लागल्या, हिची नाही. सोनूबाई मिऱ्याच्या टोकाला गेली. तिथे खडकात राखणदाराची जागा आहे, वाडीची आणि दर्यावर गेलेल्यांची राखण करतो तो. तिथे उभी राहून ती बोलली, भिवाचा पाय घराला लागू दे, अंगणातली चिंगळी तुझी. चार दिवसांनी भिवा आला. फत्तेमारी देवगडच्या खाडीत निवाऱ्याला गेली होती आणि खलाशी तिथे पेज खात आणि पत्ते कुटत बसले होते. पण आला तो आला. मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी, आमच्याकडच्या देवदिवाळीला, सगळी वाडी राखणदाराला कोंबडं देते, त्या दिवशी हिचा नवस फेडायचा. आणि देवाला अधू जनावर चालत नाही.

"दुसरी दिली तर?" मी विचारलं.

"बोललेली ती बोललेली." मग काठी जमिनीवर आडवी ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "भिवाचा बापूस गेला ना बाय, तेव्हा मी काय बोललेली नव्हती. नुसती रडत बसलेली."

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "कायद्यात असंच आहे. फाशीच्या कैद्याला ताप आला तर आधी ताप उतरवतात, मग फाशी देतात."

"तुम्ही जेवा," सासूबाई म्हणाल्या. एरवी मुलाच्या विनोदाला त्या हसत.

दुसऱ्या दिवशी गुणवंती आली तशी मी तिला धरलंच. "तुला माहीत होतं?"

"व्हतं."

"मग बरी करायला माझ्याकडे कशाला आणलीस?"

ती चिंगळीला कण्या भरवत होती. "पाय मोडला तेव्हा ती वरडत व्हती, वैनीनू. तेव्हा देवदिवाळी कुटं आठवते?"

मी कण्यांची वाटी तिच्याकडे सरकवली. तीच पुढे म्हणाली, "मी गुरवाकडं गेलेली. कौल लावून घेतला." आमच्याकडे देवाला विचारायचं असलं की गुरव देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "इचारलं, जनावर अधू ऱ्हायला तर बदली कोंबडा चालंल का? उजवी पडली, लगेच. शेजारचा भागोजी कोंबडा देयाला तयार हाय, त्याच्या खुराड्यात दोन हत आन दोगं दिवसभर भांडतात. देवाची ना नाय, वैनीनू. पन बरी झाली तर हीच. ते आयेनं ठरवलंय."

"मग लंगडते म्हणून सांग की! कोण बघायला येतंय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला कालचे बांगडे आजचे म्हणून विकायला सांगत होते. "आये काय वायट नाय. तिचं दुःक तिला ठावं. आन देवाच्या नावाची कोंबडी, तिला मी लंगडी म्हनू? दर्यावर माजाच मानूस जातो."

तेव्हापासून आमच्या पडवीत एक विचित्रच प्रकार सुरू झाला. मी पट्टी बदलायची आणि म्हणायची, "सूज गेली." गुणवंती "व्हय?" म्हणायची, तेही भाव पडल्याची बातमी ऐकावी तशा आवाजात. मग कुठेतरी आपलीच लाज वाटून चिंगळीची पाठ चोळायची, "गुनाची गो माजी ती." बरी होतेय याचा आनंद तिच्या हातात दिसायचा आणि काळजी चेहऱ्यावर.

सासूबाईंनी एकदा मला एकटीला गाठलं. "मी काय म्हणते, पाय जरासा वाकडा बसला तर काय बिघडलं? पुष्कळांचे असतात. आमच्या आत्याचा होता. नव्वद वर्षं जगली."

"आई, सरळ कसा बसला तेच मला माहीत नाही. वाकडा कसा बसवू?"

"एवढं शिकून!" म्हणत त्या आत गेल्या.

वादळानंतर फत्तेमारी दुरुस्तीला काढली होती, म्हणून भिवा घरीच होता; मधल्या एका रविवारी तो आला, बायकोबरोबर, डोकं खाली घालून. दारातून वाकून आत यावं लागेल एवढा माणूस, पण पडवीत तो चोरासारखा उभा होता. झोळीतली चिंगळी त्याने निरखून पाहिली.

"माज्या जिवाच्या बदल्यात येवढीशी?" तो म्हणाला. "मला वाटलं, आये निदान बोकड तरी बोलली आसंल."

"बोकड बोलायला तुमी कुटं येवढ्या मोठ्या संकटात व्हताव?" गुणवंती म्हणाली. "पत्ते खेळत व्हताव."

"अगो, पयला दिवस मरायचाच व्हता! पत्ते नंतर."

"मंग पयल्या दिसाचा येक पाय देऊन टाका देवाला. बाकीची ऱ्हाऊ दे."

भिवा इतका हसला की चिंगळी झोळीत फडफडली. मग त्याने टोपी हातात फिरवत मला म्हटलं, "मी बोलतो आयेशी. ऐकंल ती माजं." गुणवंतीने आढ्याकडे पाहिलं. आईपुढे भिवाच्या आवाजाला ओहोटी लागते हे साऱ्या मिऱ्याला ठाऊक होतं. झालंही तसंच. त्याने आईला एवढंच विचारलं म्हणे, "आये, भाताला काय हाय?"

देवदिवाळी उद्यावर आली. सकाळीच सोनूबाई हजर.

"डाक्टरीनबाय, उद्या उजाडताच मी येते. गुरव बोलला, पट्टीचं जनावर मी हातात घेत नाय. पट्टी म्हंजे दुखनं. तवा उद्या तुमच्या हातानं पट्टी सोडा, चालवून दाखवा. पट्टी सुटून चालली तर ही, नायतर भागोजीचा कोंबडा. तुमी सांगाल ते खरं. तुमी बांधलाव, तुमीच सोडायची." तिने पट्टीवरून बोट फिरवलं, चिंगळीच्या डोक्यावरूनही फिरवलं आणि काठी हलवत गेली.

तिसऱ्या प्रहरी गुणवंती मागच्या दारी आली. टोपली रिकामी होती, सगळी मासळी तिने वाटेतच कुणाला तरी पडेल भावाने देऊन टाकली असावी. सासूबाई पडवीत निवडायला तांदूळ घेऊन बसल्या होत्या, पण सुपात त्यांचं लक्ष नव्हतं.

मी चिंगळीला झोळीतून काढून जमिनीवर ठेवलं. ती एक क्षण उभी राहिली. मग पट्टीचा पाय काठीसारखा पुढे टाकत, पट्टीखालच्या हिरांचा टकटक आवाज करत, थेट सुपापाशी गेली आणि तांदूळ टिपू लागली. सासूबाईंनी तिला हाकललं नाही. उलट सूप जरा खाली केलं.

गुणवंती उकिडवी बसली, तिला जवळ ओढलं आणि पट्टीवरून हाड चाचपून पाहिलं. मीही सकाळीच पाहिलं होतं. दाबलं तरी चिंगळी पाय आखडून घेत नव्हती. हाड सांधलं होतं, सरळ आणि पक्कं. गुणवंतीला ते समजल्याचं मला तिच्या बोटांवरून कळलं. ती पुन्हा एकदा चाचपायला गेली नाही.

"चांगला बसवलाव पाय," ती म्हणाली.

"हो."

"उद्या सोडलीत तर धावंल."

"धावेल," मी म्हटलं. तिच्याशी खोटं बोलायची सोयच नव्हती.

सासूबाई तांदळातला खडा शोधत बसल्या होत्या. तो एकच खडा त्या केव्हापासून शोधत होत्या. शेजारी कुणीतरी देवदिवाळीच्या वड्यांचं पीठ दळत होतं, जात्याची घरघर येत होती. गुणवंतीने चिंगळीला खाली सोडलं, हात लुगड्याला पुसले, टोपली उचलली. पायरीपर्यंत गेली आणि तिथून परत आली. माझ्या अगदी समोर उभी राहिली, पण पाहत होती चिंगळीकडे.

"वैनीनू, येक मागनं हाय," ती म्हणाली. "पट्टी उद्या सोडू नका. परवा सोडा."